७०० डॉलर, साडेतीन इंची चेंबर आणि मित्राची सही

(पत्राचा सारांश: वाचक छत्तिशीतले, मिनिआपोलिसजवळच्या उपनगरात राहतात, एच-१बीवर नोकरी करतात. पत्नी एच-४वर, मुलं सहा आणि तीन वर्षांची. ऑफिसातल्या मित्रांबरोबर गेल्या ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीला नुसते बघायला गेले होते, आता स्वतः उतरायचं ठरवलं आहे. फायरआर्म्स सेफ्टीचा कोर्स पूर्ण झाला आहे. उंची पाच फूट पाच इंच, अंगकाठी बारीक. बंदुकीसाठी ७०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. एक मित्र म्हणतो, साडेतीन इंची चेंबरची (चेंबर म्हणजे नळीतला काडतूस बसण्याचा कप्पा) तुर्की सेमी-ऑटोच (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घे, स्टीलच्या छर्ऱ्यांना तेवढी ताकद लागतेच. शिवाय व्हिसाची कटकट नको म्हणून मी माझ्या नावावर घेतो, तू मला पैसे दे. दुसरा म्हणतो, पंपापुढे (दर बारानंतर नळीखालची पकड हाताने मागेपुढे ओढून भरायच्या बंदुकीपुढे) सगळं झूट. पत्नीचं म्हणणं, घरात दोन लहान मुलं असताना बंदूक कशाला? वाचकांचा प्रश्न एवढाच: ‘नेमकी कोणती घेऊ?’)

नमस्कार,

नाव सांगायचं तर दोन ओळींत काम झालं असतं. पण मित्रांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्ही पक्क्या धरून चालला आहात, आणि त्यातली एक तुम्हाला थेट कोर्टाच्या पायरीवर नेऊन उभी करेल. म्हणून आधी तिच्याबद्दल.

मित्राच्या नावावर बंदूक घेऊ नका. दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर सुरुवातीलाच विचारलेलं असतं की खरा खरेदीदार तुम्हीच आहात ना. पैसे तुमचे, बंदूक तुमची आणि सही त्याची, तर त्याने तिथे खोटं लिहिलं असा अर्थ होतो. बंदूक बाळगायला मनाई असलेल्या माणसासाठी जाणूनबुजून अशी खरेदी करणं हा २०२२ पासून संघीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमच्या बाजूने पाहिलं तर बंदुकीसंबंधीचा गुन्हा हे हद्दपारीचंही कारण ठरतं. मित्राचा हेतू चांगला असेल, पण ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

कायदा मुळात असा आहे: एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं विकत घ्यायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला तुमच्या उपयोगाचा एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार-परवाना. इथे बरेच जण फसतात. सेफ्टी कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नाही. ते परवाना काढण्यासाठी लागतं. परवाना हातात येईपर्यंत मित्राची बंदूक रेंजवर ‘जरा चालवून बघू’ म्हणून हातात घेणंसुद्धा टाळा.

दुसरी मेख तारखेची. मिनेसोटाचा शिकार-परवाना १ मार्चला सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात आटोपला, बंदूक कपाटात गेली, परवान्याचा विसर पडला, की मार्चमध्ये ती बंदूक तुमच्या घरात असणं बेकायदा होतं. शिकारीला जायचं असो वा नसो, बंदूक आहे तोवर परवान्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. फोनवर फेब्रुवारीतला रिमाइंडर लावून टाका. खरेदीला जाताना पासपोर्ट, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर, सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि शिकार-परवाना सोबत ठेवा. दुकान तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी करतं, तिचं उत्तर तिथल्या तिथे येईलच असं नाही, काही दिवस थांबायची तयारी असू द्या. ग्रीन कार्ड झालेल्यांना ही परवान्याची अट नाही. मात्र राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत: इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र), न्यू जर्सीत खरेदीदाराचं ओळखपत्र आधी काढावं लागतं. तुमची व्हिसाची स्थिती जरा जरी गुंतागुंतीची असेल, तर खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला अर्ध्या तासाची फी देणं स्वस्त पडेल.

आता बंदुकीकडे वळू.

साडेतीन इंची चेंबर तुम्हाला नको. मित्राचं म्हणणं निराधार नाही, फक्त जुनं आहे. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आहे. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ च्या आसपास. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून स्टीलमध्ये दोन मापं मोठा छर्रा घेतात. मोठे छर्रे म्हणजे काडतुसात कमी नग, म्हणून लांब काडतूस, असा तो हिशोब. सुरुवातीची स्टीलची काडतुसं खरोखरच यथातथा होती. आज तीन इंची काडतुसात सव्वा औंस स्टील सेकंदाला १४५० फुटांच्या वेगाने मिळतं, आणि डिकॉयवर (पाण्यात सोडलेल्या नकली बदकांवर) उतरणाऱ्या बदकांना २०-३५ यार्डांवर ते पुरून उरतं. साडेतीन इंचीने छर्रे थोडे वाढतात आणि खांद्यावरचा धक्का बराच वाढतो. बारीक अंगकाठीच्या नवशिक्याला तो धक्का चार-पाच बारांत चाप ओढताना डोळे मिटायला शिकवतो, आणि ती सवय मोडायला पुढचे दोन हंगाम जातात. शिवाय पावणेतीन इंची हलक्या काडतुसापासून साडेतीन इंची जाड काडतुसापर्यंत सगळं पचवणारी यंत्रणा स्वस्तात नीट बसवणं अवघड. तुमच्या बजेटमध्ये ती घेतलीत तर एरवी न लागणाऱ्या ताकदीसाठी रोजच्या सरावाच्या काडतुसांवर अडखळणारी बंदूक पदरात पडेल.

सेमी-ऑटो हवीच का? स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात, एक चेंबरमध्ये आणि दोन मॅगझिनमध्ये (नळीखालच्या, काडतुसं साठवायच्या नळीत). त्यामुळे सेमी-ऑटो म्हणजे बारांचा पाऊस, ही कल्पना सोडून द्या. तिचे खरे फायदे दोन. गॅसवर चालणारी असेल तर धक्का कमी लागतो; आणि दुसऱ्या बाराला पुढचा हात हलवावा लागत नसल्याने बंदूक गालावरून सुटत नाही. पंप घेतलेले नवशिके घाईत फोरएंड (नळीखालची पकड) अर्धवट मागे ओढतात, रिकामं काडतूस अडकतं आणि बदकं निघून जातात. म्हणजे पंपवाला मित्र पूर्ण बरोबर नाही. पण ७०० डॉलरमध्ये बंदूक, काडतुसं, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) आणि परवाने सगळंच बसवायचं असेल, तर तोच बरोबर: मॉसबर्ग ५०० किंवा तिचीच साधी बहीण मॅव्हरिक ८८ घ्या आणि उरलेले पैसे सरावात घाला. तुमच्या पत्रावरून ७०० फक्त बंदुकीसाठी आहेत असं दिसतं, तेव्हा पुढचं त्या हिशोबाने.

सेमी-ऑटोत दोन घराणी आहेत आणि त्यांच्या दुखण्यांची तऱ्हा वेगळी आहे. निवड खरी इथे होते.

गॅसवाल्या बंदुकीत नळीला फोरएंडखाली बारीक भोकं असतात. बार सुटला की थोडा गॅस तिथून पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला (काडतुसामागच्या सरकत्या लोखंडी दट्ट्याला) मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते. हे सगळं घडायला वेळ लागतो म्हणून धक्का पसरट, मऊ लागतो. किंमत मोजावी लागते ती काजळीची. पिस्टनवर, मॅगझिनच्या नळीवर कार्बन चढतो. वर कोणी तेल ओतलं असेल तर त्याची चिकट राड होते आणि थंडीत ती गोठते. मग बोल्ट आळसावतो: रिकामं काडतूस अर्धं बाहेर येऊन उभं अडकतं, किंवा पुढचं वर येतच नाही. नवीन मालकांची दुसरी नेहमीची चूक म्हणजे सफाईनंतर पिस्टनचे भाग उलटे बसवणं. पहिल्यांदा खोलताना प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो काढा.

इनर्शियावाल्या बंदुकीत, म्हणजे बेनेली, फ्रँकी, स्टोगर यांच्या पद्धतीत, गॅस वापरतच नाहीत. बार सुटताच अख्खी बंदूक मागे सरकते, जड बोल्ट मात्र जडत्वामुळे जागेवर राहतो. त्या दोघांमध्ये बोल्टमधली जाड, आखूड स्प्रिंग दाबली जाते आणि क्षणभराने तीच बोल्टला मागे फेकते. भाग कमी, काजळी नळीतून बाहेर, सफाई पाच मिनिटांची. बंदूकही हलकी. चिखल-पाण्यात तिचं नाव यामुळेच झालं. मात्र धक्का जास्त. हलक्या, एक औंसाच्या टार्गेट काडतुसांवर नवी असताना कुरकुरते. आणि तिला मागे सरकायला वाव लागतो: दस्ता (खांद्याला लागणारा मागचा भाग) झाडाला किंवा ब्लाइंडच्या (लपून बसायच्या आडोशाच्या) खांबाला टेकवून बार काढलात, की यंत्रणा फिरायची नाही.

याच घराण्याचं एक खास दुखणं आहे. पहाटेच्या अंधारात आवाज नको म्हणून माणूस बोल्ट हाताने हळूच पुढे नेतो, किंवा बोल्टचं हँडल कोटाच्या बाहीत अडकून केसभर मागे येतं. बोल्टचं फिरतं डोकं खाचांत पुरतं बसत नाही. बाहेरून सगळं बंद दिसतं. बदकं पाय खाली सोडून उतरताहेत, तुम्ही चाप ओढता आणि नुसतं ‘टक्’ वाजतं. उपाय सोपा आहे. बोल्ट नेहमी मागून पूर्ण जोराने सुटू द्या, त्याला हाताने आवरू नका. ब्लाइंडमध्ये बसल्यावर मधूनमधून अंगठ्याने हँडल पुढे दाबून बघा.

आणखी एक, हे सुरक्षिततेचं आहे म्हणून दोनदा वाचा. या बंदुकांत मॅगझिनमधलं काडतूस वर येण्यासाठी वेगळी कळ असते. बोल्ट मागे ओढला की चेंबरमधलं काडतूस पडतं, पण मॅगझिनमधली दोन आतच राहू शकतात. ‘बोल्ट ओढला, काही आलं नाही, म्हणजे रिकामी’ असं धरून बंदूक गाडीत ठेवणारे असतात. मॅगझिनच्या तोंडात बोट घालून फॉलोअर (काडतुसं ढकलणारी टोपी) लागतोय का बघायचं, दर वेळी.

तुमच्यासाठी माझा कल गॅसकडे आहे. तुम्ही शिकणार, महिन्याला क्ले टार्गेटवर (हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर) दोन-चार डबे उडवणार, अंगकाठी बारीक. सफाईला वीस मिनिटं जास्त गेली तरी चालतील, खांदा दुखून सराव बंद पडायला नको. पण गॅस की इनर्शिया याहून मोठा प्रश्न मापाचा आहे आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही.

शॉटगनला रायफलसारखी दुर्बीण लावून नेम धरत नाहीत. डोळा हीच मागची माशी (नेम धरायची खूण). दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो, डोकं मागे राहतं. दस्त्याची उंची चुकली तर बार सातत्याने वर किंवा खाली जातो आणि माणूस नशिबाला बोल लावतो. पूर्ण मापाच्या बंदुकांत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ ते १४⅜ इंच अंतर असतं. तुमच्या उंचीला १३½ च्या आसपास बरं पडावं, त्यात नोव्हेंबरचा जाड कोट अर्धा इंच खातो. म्हणून दुकानात शिकारीचा कोट घालूनच जा. विचारून, रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. गाल दस्त्यावर बसला की डोळे उघडा. नळीवरची पट्टी जेमतेम दिसावी आणि टोकाचा मणी मधोमध असावा. पट्टी रस्त्यासारखी लांबलचक दिसली तर डोळा फार वर आहे; रिसीव्हरची (यंत्रणा असलेल्या मधल्या भागाची) पाठच दिसली तर फार खाली. चापाच्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यामध्ये दोन बोटं जागा हवी, नाहीतर पहिल्याच बाराला नाकाचा घोळणा फुटेल. दहा वेळा करा. दहाही वेळा न शोधता मणी सापडला तर ती बंदूक तुमची, मग तिच्यावर नाव कोणाचंही असो. दस्त्याखाली बसवायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, आणि स्पेसर बहुतेक चांगल्या बंदुकांबरोबर येतात, त्यांनी दस्त्याची उंची, लांबी आणि तिरकसपणा थोडा बदलता येतो. जास्तच लांब वाटली तर कॉम्पॅक्ट मॉडेल बघा. त्यात कमीपणा काही नाही.

त्याआधी घरी एक चाचणी: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवा, मग डावा डोळा मिटा. बोट जागेवरून उडालं तर तुमचा डावा डोळा वरचढ आहे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला हे खरेदीआधीच कळायला हवं.

आता नावं. दर दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, हे धरून.

७०० च्या आत नवीच हवी असेल तर स्टोगर एम३०००. तुर्कीत बनते, बेनेली-बेरेटा गटातली, तीन इंची, इनर्शिया. शिम बरोबर येतात. फिनिशिंग साधं आणि नवी असताना आखडलेली. पण मोडतोडीचे भाग मिळतात, आणि स्वस्त बंदुकीत हा गुण सगळ्यात मोठा. गॅसमध्ये याच भावाच्या आसपास ट्रायस्टार व्हायपर जी२ आहे, तीही तुर्की, आयातदार मिसुरीतला. तिच्या खालच्या भावात जी डझनभर अनोळखी नावं दिसतात, त्यांच्याबद्दल एवढंच: तुर्कीतले बरेच कारखाने एकच बंदूक वेगवेगळ्या आयातदारांच्या नावाने विकतात. आयातदाराने हात काढून घेतला की एक्स्ट्रॅक्टरसाठी (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या भागासाठी) वणवण. घेण्याआधी आयातदाराला फोन करून विचारा, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि बोल्टची स्प्रिंग आज स्टॉकमध्ये आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

दोनशे-अडीचशे डॉलर ताणता आले तर बेरेटा ए३०० अल्टिमा. टेनेसीत बनते, गॅस, तीन इंची. विंचेस्टर एसएक्स४ ही तिची बरोबरीची, पोर्तुगालमध्ये जुळणी होते, आणि तिचं कॉम्पॅक्ट मॉडेल तुमच्यासारख्या मापाला हातात घेऊन बघण्यासारखं आहे. फ्रँकी ॲफिनिटी ३ याच पट्ट्यातली, इटालियन, इनर्शिया, वजनाला साडेसहा पौंडांच्या आतबाहेर. दिवसभर हातात धरायला गोड, बार काढायला कडक.

मात्र तुमच्या ७०० डॉलरचं सगळ्यात चांगलं मोल वापरलेल्या बंदुकीत येईल, असं मला वाटतं. बेरेटा ए३०० आउटलँडर (अल्टिमाच्या आधीची) किंवा विंचेस्टर एसएक्स३. या बंदुका लोक वर्षातून चार दिवस वापरतात आणि मग नव्या रंगाच्या मोहात विकतात. खासगी विक्रेत्याकडून घेतलीत तरी व्यवहार परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरूनच करा. बघताना फोरएंड काढायला सांगा: गंज असेल तर तो मॅगझिनच्या नळीवर आणि नळीच्या पोटाला दिसतो, वरून कॅमो चकाचक असतं. चोक (छर्रे एकवटायला नळीच्या तोंडात बसवायचं आटेदार नळकांडं) स्वतः फिरवून काढा. न निघणारा चोक म्हणजे आत गंज किंवा फुगलेली नळी. नळी उजेडाकडे धरून आतल्या सावलीची रेषा बघा, कुठे वाकडी झाली तर तिथे पोचा आहे. डमी काडतुसं घालून हाताने फिरवा. रेमिंग्टन ११०० किंवा ११-८७ स्वस्तात मिळाली तर वाईट नाही, पण तिचं गॅस-सील म्हणजे एक रबरी ओ-रिंग असते. ती चिरली की सगळं थांबतं. दोन जादा खिशात ठेवायच्या.

वीस गेजचं (बारीक नळीच्या बंदुकीचं) काय, असं दुकानदार तुमच्याकडे बघून सुचवेल. आपल्याकडच्या बारा बोअरपेक्षा ती हलकी, धक्का कमी, आणि डिकॉयवर ३० यार्डांच्या आत बदकं नीट पडतात. पण स्टील कमी बसतं आणि कॅनडा गूजसारख्या मोठ्या पक्ष्यासाठी हात आखडतो. एकच बंदूक घ्यायची आहे तर बाराच घ्या, आणि सरावाला हलकी काडतुसं वापरा. नळी २६ की २८ इंच यावर झोप उडवू नका. तुमच्या उंचीला आणि दाटीच्या ब्लाइंडला २६ सोयीची.

बंदूक घरी आली की लगेच रेंजवर पळू नका. कारखान्यातून येते ती गंजरोधक चिकट लेपासकट. बोल्ट, पिस्टन, चेंबर सॉल्व्हंटने पुसून कोरडे करा, सरकणाऱ्या जागांवर तेलाचा पातळ हात फिरवा, तेलाचा थेंब दिसतोय म्हणजे जास्त झालं. मग पहिली शंभरेक काडतुसं जड घ्या, सव्वा औंसाची. त्याने घासल्या जाणाऱ्या जागा बसतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात स्वस्त एक औंसाची काडतुसं घालून ‘बंदूक खराब निघाली’ म्हणणाऱ्यांची तक्रार बहुधा इथेच मिटते.

मॅगझिनमधला प्लग (दोनपेक्षा जास्त काडतुसं जाऊ न देणारा अडसर) बघा. तिसरं काडतूस मॅगझिनमध्ये जात असेल तर प्लग नाही, आणि तो बंदूक न खोलता निघणारा नसावा असा नियम आहे. वापरलेल्या बंदुकीत तो हमखास हरवलेला असतो. आणि सरावाची शिशाची काडतुसं शिकारीच्या कोटात विसरू नका: पाणपक्ष्यांच्या शिकारीत ती नुसती जवळ असणंही गुन्हा आहे, झाडली नाहीत तरी. कोट वेगळा, पिशवी वेगळी.

चोकच्या बाबतीत स्टीलची रीत उलटी. शिशासारखे स्टीलचे छर्रे चेपत नाहीत, त्यामुळे ते जास्त एकवटून जातात. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने (मोकळ्या चोकने) सुरुवात करा, लांब जाऊ लागलात तर मॉडिफाइड (त्याहून घट्ट). फुल (सगळ्यात घट्ट) चोकमधून मोठे स्टील छर्रे मारू नका. स्टोगर, फ्रँकी, बेरेटा यांच्या चोकवर काठाला खाचा असतात: चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, तीन मॉडिफाइड, एक फुल. हंगामात दर फेरीनंतर चोक काढून आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर मार्चमध्ये तो निघायचा नाही.

मग पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते बघा, हे बहुतेक जण टाळतात. मोठ्या कागदावर खूण करून तुम्ही खरंच मारणार तितक्या अंतरावरून, म्हणजे ३० यार्डांवरून, शिकारीचंच काडतूस झाडा. छर्रे दाट पडले त्याभोवती ३० इंची वर्तुळ काढा. सव्वा औंस नंबर दोन (नंबर लहान तितका छर्रा मोठा) स्टीलमध्ये सुमारे १५६ छर्रे असतात, नंबर चारमध्ये २४०. किती बसले ते मोजा, आणि त्याहून महत्त्वाचं, बदकाच्या धडाएवढी रिकामी जागा कुठे राहते का ते बघा. तीन कागद करा, एकावर भरवसा नको. दाट भाग खुणेच्या सतत खाली पडत असेल तर दोष तुमचा नाही, शिम बदला. मॅलर्डला (मोठं बदक) दोन किंवा तीन नंबर, टीलला (लहान बदक) चार, गूजला बीबी (त्याहून मोठा छर्रा). पाच कंपन्यांचे डबे आणण्यापेक्षा चांगला पॅटर्न देणारं एक काडतूस ठरवा आणि हंगामभर तेच वापरा. बिस्मथ या धातूचे छर्रे वापरणारी काडतुसंही मिळतात. ते स्टीलपेक्षा जड आणि परिणामकारक आहे, पण खर्चाचा विचार करता पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

थंडी आणि पाणी यांनी बंदुका मरतात. गोठणाऱ्या तळ्यावरून गरम घरात आणलेल्या बंदुकीला आतून-बाहेरून दव सुटतं. केसमध्ये तशीच ठेवली तर सकाळी तांबूस डाग दिसतील. केसबाहेर काढा, खोला, सुकू द्या, मग पुसा. स्टोगरची बोल्ट परतवणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते. पावसाचं पाणी तिथे उतरून मुरतं आणि वर्षा-दोन वर्षांत बोल्ट का मंदावला ते कळत नाही. रबरी पॅड काढून लांब सॉकेटने दस्ता सोडवा आणि हंगामाच्या शेवटी ती नळी एकदा साफ करा. फ्रँकीची ही स्प्रिंग पुढे मॅगझिनभोवती असल्याने हा उद्योग वाचतो.

कागदांत राज्याचा परवाना, राज्याचा पाणपक्षी स्टॅम्प, एचआयपी नोंदणी (स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची) आणि २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीचं संघीय तिकीट), एवढं लागतं. कागदी डक स्टॅम्प असेल तर त्यावर शाईने सही हवी, बिनसहीचा चालत नाही.

सगळ्यात शेवटी पत्नीचा प्रश्न. ‘कशाला?’ हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, त्यात मी पडणार नाही. पण तुम्ही तो प्रश्न पत्राच्या शेवटी ढकलला आहे, तो खरेदीच्या आधी यायला हवा. मुलं सहा आणि तीन वर्षांची असताना बंदुकीबरोबर येणारं केबल लॉक पुरेसं नाही. भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट, त्यात रिकामी बंदूक, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात वेगळ्या जागी. साधं कपाट दीडशे-दोनशे डॉलरमध्ये येतं. ते ७०० मधूनच काढा आणि बंदूक तेवढी स्वस्त घ्या. पत्नीकडे स्वतःचा शिकार-परवाना नसेल आणि त्या एच-४वर असतील, तर बंदूक बाळगण्याची मनाई त्यांनाही लागू आहे. त्यामुळे कपाटाची किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे हवा, आणि तुम्ही पुण्याला महिनाभर जाणार असाल तेव्हा ती किल्ली घरात ठेवून जाऊ नका.

परवाना हातात आला की आधी रेंजवर जा, मित्रांच्या दोन-तीन बंदुका कोट घालून खांद्याला लावून बघा. एक गॅसवाली आणि एक इनर्शियावाली तरी असू द्या.